सिस्टरच्या मनावरचा ताण

मोसंबीच्या बागेला ताण कसा द्यावा आणि कसा तोडावा, हे सांगत गावोगाव फिरण्यात माझी तीस वर्षे गेली. आज मात्र वेगळ्याच ताणाविषयी लिहावयास बसलो आहे. हा ताण आहे दवाखान्यातल्या सिस्टरच्या, आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या मनावरचा. कृषी विस्तार अधिकाऱ्याला ही नसती उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका रात्रीत आहे, आणि ती रात्र सांगताना मला आजही शरम वाटते.

२०२२ सालचा पोळा दोन दिवसांवर आला होता. थोरले बंधू बैलांसाठी बांधावरचे गवत कापीत होते. गवतात घोणस होती, ती पायाला चावली. तालुक्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस दिली आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. आम्ही सरकारी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. वॉर्डात खाटा तीस आणि माणसे पन्नासच्या पुढे. ज्यांना खाट नाही त्यांच्या गाद्या जमिनीवर, दोन खाटांच्या मधल्या वाटेत. एवढ्या सगळ्यांना मिळून रात्रीला एक सिस्टर आणि एक मावशी.

सिस्टरने बंधूंचे रक्त काढले, काचेच्या नळीत घातले, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ पाहून दुसरीकडे निघून गेली. माझा पहिला राग तिथे आला. मला वाटले, नमुना तसाच टाकून गेली. वीस मिनिटांनी ती परत आली आणि तिने नळी तिरपी केली. रक्त गोठले नव्हते, पाण्यासारखे वाहिले. घोणसीचे विष रक्ताचे गोठणे बंद पाडते, त्याची ही परीक्षा असते, आणि ती वीस मिनिटे नळीला हात न लावताच करावी लागते, हे मला मागाहून कळले. तिने डॉक्टरांना सांगितले, औषध पुन्हा सुरू झाले.

रात्री एकच्या सुमारास बंधूंच्या सलाईनची बाटली संपत आली. मी दोनदा हाका मारल्या. सिस्टर कोपऱ्यातल्या एका खाटेपाशी पाठमोरी उभी होती, हलली नाही. मग मी तिथे गेलो आणि सगळ्या वॉर्डादेखत ओरडलो, "अहो सिस्टर, सरकार पगार कशाचा देतं तुम्हाला?"

तिने मान वर केली नाही. एवढेच म्हणाली, "नळीवरची चकती खाली ओढून बंद करा. काही होत नाही त्यांना. मी आलेच."

त्या खाटेवर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. फवारणीचे औषध त्याच्या पोटात गेलेले. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने इंजेक्शन देत होती, बॅटरीने डोळ्यांतल्या बाहुल्या पाहत होती, नाडी मोजत होती, तोंडातला फेस यंत्राने ओढून काढत होती. वाचकहो, डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ मी तीस वर्षे शेतकऱ्यांना समजावून सांगत आलो. त्या त्रिकोणाच्या पलीकडे काय असते, ते मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिले.

पहाटे साडेचारला तो मुलगा गेला. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तेव्हा त्याची आई भिंतीला धरून खाली बसली. सिस्टरने तिला उठवले, बाकावर बसवले, पाणी पाजले. मग आत येऊन नळ्या काढल्या, मावशीच्या मदतीने चादर ओढली, हात धुतले, अर्धा पेला पाणी प्याली. दहा मिनिटांत ती आमच्या खाटेपाशी उभी होती. "मामा, लघवी झाली का? किती झाली? रंग कसा होता?" घोणस चावलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना धोका असतो, म्हणून ही चौकशी. आवाज संध्याकाळी होता तसाच.

बंधू रात्रभर जागेच होते, त्यांनी सगळे पाहिले होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बसा."

"बसले तर उठणं व्हायचं नाही, मामा," ती म्हणाली आणि पुढच्या गादीकडे गेली.

सकाळी आठला तिची पाळी संपली, पण नऊ वाजायला आले तरी ती टेबलाशी लिहीतच होती. मी जाऊन म्हणालो, "रात्री बोललो ते चुकलं." ती म्हणाली, "रोज कोणी ना कोणी बोलतंच. परत येऊन असं कोणी सांगत नाही." मी विचारले, रात्री रुग्ण किती होते? "चोपन्न. परवा एक्कावन्न होते."

बंधू अकरा दिवसांनी सुखरूप घरी आले. त्या अकरा दिवसांत मी तिथल्या सिस्टर मंडळींशी बोललो आणि पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो.

बागेचा ताण आणि माणसाचा ताण

बहार धरायचा म्हणजे झाडाचे पाणी तोडावे लागते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने. पाने सुकतात, पिवळी पडून काही गळतात, आणि मग झाड फुलावर येते. म्हणजे ताण मुळातच वाईट नव्हे. पण कोणत्या जमिनीत किती दिवस, हे ज्याला कळत नाही त्याची बाग फुलण्याऐवजी वाळते. आणि ताण तोडतानाही एकदम पाट भरून पाणी सोडत नाहीत. आधी आंबवणीचे हलके पाणी, मग चिंबवणी. ज्या बागेला वर्षानुवर्षे ताणच दिला आणि पाणी कधी पुरते दिले नाही, तिचे काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

माणसाचेही असेच होते, असे मनाचा अभ्यास करणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या यादीत या अवस्थेची नोंद केली. इंग्रजीत तिला बर्नआउट म्हणतात. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही. सतत साचत गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटले आहे. तिच्या खुणा तीन: अंगातले त्राण संपणे, कामाबद्दल मन विटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. यातली दुसरी खूण आपल्याला लगेच दिसते. "ती सिस्टर फार तुसडी आहे," असे आपण म्हणतो. तिचे पहिले त्राण कधी संपले, हे आपण पाहिलेले नसते.

आता कोणी म्हणेल, काम तर आम्हालाही आहे. सुगीत शेतकरी पहाटे चारला उठतो तो रात्री दहाला पाठ टेकतो. खरे आहे. पण सुगीतल्या कामाने आपले मन खचत नाही, याचे कारण काय? अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ साली याचे एक उत्तर मांडले. नुसते काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्या कामाची सूत्रे मात्र आपल्या हाती नाहीत, असे झाले की मोडतो. आज ज्वारी काढायची की हरभऱ्याला पाणी द्यायचे, हे तुम्ही ठरवता. चुकले तरी ते तुमचे चुकणे असते. सिस्टरचे तसे नसते. पाळी कोणती, हे दुसरे ठरवणार. औषध डॉक्टर लिहिणार. भांडारात ते औषध नसले तर तो दोष भांडाराचा. खाटा तीस असताना रुग्ण चोपन्न झाले, ते तिच्या सांगण्यावरून नव्हे. पण या सगळ्याचा जाब विचारायला समोर कोण सापडते? तीच. मी तरी त्या रात्री कोणाला विचारला?

माणसे किती, याचा हिशेबही आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे साधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. पाळ्या आणि रजा धरल्या की प्रत्यक्ष वॉर्डात उभी असणारी संख्या त्याहून कमीच पडते, आणि जागा रिकाम्या असल्या की हिशेबच राहत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांतील दहा हजारांवर परिचारिकांचा अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर सरासरीने एक रुग्ण वाढला, की ती अशी खचून जाण्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांचाही हिशेब आहे: एक रुग्ण वाढला की महिन्याच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे सिस्टरचा ताण हा तिच्या एकटीचा प्रश्न नाही, खाटेवर पडलेल्या आपल्या माणसाचाही आहे. आणि लक्षात घ्या, तिकडे एका परिचारिकेवर चारापासून आठापर्यंत रुग्ण होते. चोपन्न नव्हते.

चेहरा सांभाळण्याचे काम

पहाटे साडेचारला एक मुलगा डोळ्यांसमोर जातो आणि दहा मिनिटांनी तुम्हाला "मामा, लघवी झाली का" असे शांतपणे विचारायचे असते. हे काम कोणत्या रजिस्टरात लिहितात? अर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन विदुषीने १९८३ साली या कामाला नाव दिले. आपण त्याला भावनांचे श्रम म्हणू. तिने अभ्यास केला तो विमानात प्रवाशांची सरबराई करणाऱ्या मुलींचा. पोटात काहीही असो, चेहऱ्यावर हसू ठेवायचे, हाही त्यांच्या नोकरीचाच भाग होता. सिस्टरला हसू नसले तरी चालते, पण रडू चालत नाही. त्या वॉर्डातली एक वयस्क सिस्टर मला म्हणाली, "पहिल्या वर्षी एक लहान लेकरू गेलं तेव्हा मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. बाईंनी मला तिथून ओढून आणलं आणि म्हणाल्या, बाकीच्या एकोणतीस जणांनी काय करायचं? तेव्हापासून मी वॉर्डात रडले नाही. घरी जाऊन भांडते."

घरी जाऊन भांडते! हे तिने हसत सांगितले, पण मला ते हसण्यासारखे वाटले नाही.

लंडनमध्ये इझाबेल मेंझिस नावाच्या बाई होत्या, मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या. १९६० च्या सुमारास त्यांनी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास मांडला. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळजवळ एकतृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या, आणि त्यांत हुशार मुली कमी नव्हत्या. मेंझिसबाईंना दिसले ते असे. मरण, जखमा, परक्या माणसाच्या शरीराची सेवा, नातेवाइकांचा आक्रोश यांतून येणारी भीती मनाला सोसवत नाही, म्हणून रुग्णालयाने कामाची रीतच अशी बसवली होती की परिचारिकेची कोणा एका रुग्णाशी ओळखच होऊ नये. एकीने सगळ्यांचा ताप पाहायचा, दुसरीने सगळ्यांना औषध द्यायचे. रुग्णाला नावाने नव्हे, खाटेच्या नंबराने किंवा रोगाने ओळखायचे. आज या वॉर्डात, थोड्या दिवसांनी दुसऱ्या. पण त्याने भीती कमी झाली नाहीच. उलट ज्या कारणासाठी मुली या कामात आल्या होत्या, ते माणसाला बरे करण्याचे समाधानही हातचे गेले.

हे वाचताना मला आमच्या वॉर्डातली "सतरा नंबर" ही हाक आठवली. बंधू सतरा नंबर होते. पण ती रात्रीची सिस्टर मात्र त्यांना मामा म्हणत होती. पन्नास रुग्णांत हे ती कसे सांभाळत होती, कोण जाणे.

रात्रपाळीविषयी फार लिहीत नाही. बहुतेक ठिकाणी ती बारा तासांची असते, आणि सकाळी घरी गेल्यावर पुरुष झोपू शकतो, बाई झोपू शकत नाही, एवढे म्हटले तरी आपल्या घरातल्या बायका काय ते समजतील.

आपल्या गावातली नर्सबाई

वॉर्डातल्या सिस्टरला निदान सोबत असते. आपल्या उपकेंद्रातली नर्सबाई एकटी असते. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. त्यात चार-पाच गावे, वाड्या, वस्त्या, ऊसतोडीला गेलेली आणि परत आलेली माणसे, सगळी येतात. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, क्षयाच्या गोळ्या, साथीचे सर्वेक्षण, आणि या सगळ्याची नोंद एकदा रजिस्टरात आणि पुन्हा मोबाइलमध्ये.

मी नोकरीला लागलो ते १९९३ साली. त्या वेळी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची लक्ष्ये सगळ्यांच्याच डोक्यावर असत. ग्रामसेवक, शिक्षक, तलाठी आणि नर्सबाई सगळे "केस" शोधत फिरत. एका बाईला नर्सबाईने महिनाभर समजावून तयार करावे आणि ऐन वेळी मास्तरांनी आपल्या नावावर घ्यावे, असे प्रसंग मी पाहिले आहेत. माझ्याही डोक्यावर गोबर गॅसची लक्ष्ये होती. पण गोबर गॅस झाला नाही तर साहेबांची बोलणी खावी लागत, एवढेच. नर्सबाईला इकडे साहेबांची बोलणी आणि तिकडे ज्या घरात जाऊन ती अशा नाजूक गोष्टी बोलते, त्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या. १९९६ साली ती लक्ष्यांची पद्धत केंद्राने बंद केली. लक्ष्ये गेली, तरी वर आणि खाली दोन्हीकडून दाबले जाणे गेले नाही. विस्तार कार्यकर्त्याचे दुखणे मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो: योजना वरून येते, ती लोकांच्या गळी उतरवायची आपण, आणि ती फसली तर तोंड दाखवायचे तेही आपणच.

पगाराचेही बोलले पाहिजे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, तेव्हापासून कंत्राटी नर्सबाई मोठ्या प्रमाणावर आल्या. शेजारी बसून तेच काम करणारी कायम नोकरीतली बाई जितका पगार घेते, त्याहून हिचा बराच कमी, आणि करार वाढेल की नाही याची टांगती तलवार. जर्मनीतील योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ साली मांडलेले गणित इथे चपखल बसते. माणूस किती घालतो आणि त्याला परत काय मिळते, यात मेळ नसला की प्रकृती बिघडते. परत मिळणे म्हणजे नुसता पैसा नव्हे; मान आणि उद्याची शाश्वती हेही त्यात येते. भाव पडलेल्या वर्षी आपल्याला काय वाटते, ते आठवले की हे गणित कळायला जर्मनीला जावे लागत नाही.

आणि भीती? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच तळघरात एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षेसाठी संप केला होता. शुद्ध हरपलेल्या अरुणाताईंना केईएमच्या परिचारिकांनी १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिने सांभाळले. त्या प्रत्येकीने रोज त्या खोलीत जाताना मनात काय घेऊन पाऊल टाकले असेल? महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, असा कायदा आहे. पण रात्री दोनला वस्तीवरून बाळंतपणाचे बोलावणे येते आणि न्यायला आलेल्या जीपमध्ये चार अनोळखी पुरुष बसलेले असतात, तेव्हा कायद्याचे पुस्तक काही बरोबर नसते.

करोनाच्या वर्षी, २०२० साली, माझ्या ओळखीच्या एका गावात नर्सबाईला घरमालकाने खोली सोडायला सांगितले. दिवसभर ती याच गावाच्या दारोदार ताप मोजत फिरत होती. गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते ठाऊक आहे. त्याच गावाने पुढे १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. श्रीफळ तिने घेतले, पण खोलीचे विसरली नाही, असे तिनेच मला सांगितले.

मग आपण करायचे काय

माणसे वाढवणे, पाळ्या नीट लावणे, कायम करणे ही कामे सरकारची आहेत आणि त्यासाठी ओरड केलीच पाहिजे. पण ती वॉर्डात सिस्टरच्या टेबलापुढे नव्हे, आमदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांच्या दारात. आपल्या हातचे जे आहे ते मात्र आपण करू शकतो. रुग्णाजवळ एकच समजूतदार माणूस ठेवावा आणि त्यानेच विचारावे. दहा नातेवाइकांनी दहा वेळा एकच गोष्ट विचारली की सिस्टरचा अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास कोणाच्या तरी खाटेचा असतो. सलाईन संपत आली की चकती कशी बंद करायची, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. ती आपल्याकडे न येता दुसरीकडे उभी असेल, तर तिथे काय चालले आहे ते आधी पाहावे. मी पाहिले नाही.

गावातल्या नर्सबाईच्या बाबतीत ग्रामपंचायतीला पुष्कळ करता येते. उपकेंद्राचा दिवा, पाणी, दाराची कडी आणि संडास एवढे जरी धड असले तरी ती रात्री निर्धास्त झोपेल. रात्रीच्या बोलावण्याला घरातली एक बाई बरोबर पाठवावी, आणि परत पोहोचवून यावे; नेताना चार जण असतात, पोहोचवताना एकही नसतो, ही तक्रार मी तीन नर्सबाईंकडून ऐकली. दुपारी तिचे दार लावलेले दिसले तर ती झोपली आहे म्हणून बोंब करू नये. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिला बोलवावे. आपल्या भागात बदलीची बाई म्हणजे परकी, तिच्या घरी कोणी जात नाही. तिलाही सासर-माहेर आहे आणि बोलायला माणूस लागते.

सिस्टर मंडळींनी स्वतः काय करावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र सांगतो, की मोठ्या सिस्टरने पाळी संपताना पाच मिनिटे बसून "आज काय झालं" असे नुसते विचारले, तरी फार हलके वाटते, असे त्या वॉर्डातल्या मुली म्हणत. मन फारच खचले तर सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. ती नर्सबाईंसाठी जशी आहे तशी आपल्यासाठीही आहे. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या त्या मुलाच्या वेळी हा क्रमांक असता तर, असे मला अनेकदा वाटते. नापिकीच्या वर्षी माझ्या बैठकांत मी खतांच्या मात्रेबरोबर हा क्रमांकही सांगतो. काही जण हसतात. काही जण लिहून घेतात.

आता घरची गोष्ट. बंधूंची धाकटी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने वडिलांच्या उशाशी बसून ते अकरा दिवस पाहिले आणि घरी आल्यावर जाहीर केले, की आपल्याला नर्सिंगला जायचे आहे. मीच विरोध केला. म्हटले, कृषी पदविका कर, नाहीतर डी.एड. कर, पण रात्रीच्या पाळ्या, लोकांची बोलणी, हे कशाला? खरे सांगायचे तर माझ्या मनात "लोक काय म्हणतील" हेही होते. पुण्याच्या सेवासदनने शंभर वर्षांपूर्वी मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी नाके मुरडली होती. ती मुरड अजून माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्याच्या नाकात शिल्लक होती. बंधू सातवीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "मला वाचवणारी पोर कोणाची तरी पुतणीच होती ना?"

२०२३ साली तिने जीएनएमला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी दोनदा रडत घरी आली आणि दोन्ही वेळा परत गेली. दुसऱ्या खेपेला काय झाले होते, ते तिने आम्हाला सांगितले नाही. आजीला सांगितले, आणि आजीने ते अजून कोणाला सांगितलेले नाही.

रात्रपाळ्यांचा आठवडा संपला की तिला सुट्टी मिळते. मग ती सकाळच्या एस.टी.ने येते, दहाला पोहोचते, चहा घेते आणि माजघरात जाऊन झोपते. त्या दिवशी बंधू कडबाकुट्टी चारशिवाय चालू करीत नाहीत. बैल हंबरतात, वहिनी पेंढीतला कडबा कोयत्याने तोडून पुढे टाकतात, आणि दारावरून कोणी हाक मारली तर आमच्या मातुःश्री ओट्यावरूनच हाताने खूण करतात.